वाचकांचे प्रश्न : ऑस्ट्रेलियातील आदिवासी आणि भूमीची राखण

गेल्या अंकात या सदरात ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांच्या शिकारीच्या आणि कंदमुळे गोळा करण्याच्या रीतींविषयी एक छोटे उत्तर दिले होते. आजची गरज भागवताना पुढच्या हंगामाची तजवीजही करायची, हा त्या रीतींचा गाभा आहे, असे त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून काही वाचकांनी नेमक्या शंका घेतल्या आहेत, तर काहींनी आपल्याकडच्या डोंगरांशी आणि जंगलांशी तुलना केली आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे. ब्रिटिश येण्यापूर्वी त्या खंडात सुमारे अडीचशे भाषा बोलल्या जात होत्या. त्यामुळे ‘ऑस्ट्रेलियातील आदिवासी असे करतात’ असे सरसकट विधान बहुतेक वेळा चुकीचे ठरते. म्हणून शक्य तिथे कोणत्या लोकांविषयी आणि कोणत्या प्रदेशाविषयी बोलत आहे, ते सांगितले आहे.

प्रश्न : माणसे थोडी आणि भूमी अफाट, म्हणून तिथला निसर्ग टिकला, असे म्हणता येणार नाही का? मग नियमांना एवढे श्रेय कशासाठी द्यायचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शंका रास्त आहे. १७८८ साली सिडनीला ब्रिटिशांची पहिली वसाहत झाली, तेव्हा त्या खंडातील लोकसंख्या किती होती याचे अंदाज तीन लाखांपासून दहा लाखांपर्यंत केले जातात, आणि खंडाचे क्षेत्रफळ तर भारताच्या दुपटीहून अधिक आहे. परंतु ही सरासरी फसवी आहे. माणसे खंडभर सारखी विखुरलेली नव्हती. ती नद्यांच्या काठी, समुद्रकिनारी आणि पाणथळींच्या आसपास राहत होती, आणि तिथले अन्नही मोजक्या जागी, वर्षातील मोजक्या दिवसांतच मुबलक मिळत असे. वाळवंटातला एखादा पाणवठा, कासवांचा अंडी घालण्याचा किनारा किंवा कंदांनी भरलेला माळ उजाड करायला हजारो माणसे लागत नाहीत. दहा-वीस भुकेली कुटुंबेही एका हंगामात ते काम करू शकतात. प्रश्न संख्येइतकाच वागण्याचाही होता.

न्यू साउथ वेल्स राज्यातील ब्रेवॉरिना गावाजवळचे दगडी मत्स्यसापळे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिथे बारवन नदीच्या पात्रात जवळजवळ अर्धा किलोमीटर लांबीपर्यंत दगडांच्या वेटोळ्या भिंती रचलेल्या आहेत. काही उंच, काही बुटक्या, म्हणजे पाण्याची पातळी कमी-जास्त झाली तरी कुठला ना कुठला सापळा उपयोगी पडावा. न्गेंबा लोकांच्या परंपरेनुसार बायामे या आदिपुरुषाने दुष्काळात लोकांची उपासमार पाहून आपल्या मुलांकरवी हे सापळे रचले, आणि न्गेंबांना त्यांचे राखणदार नेमले. नदीला मासे चढू लागले की आजूबाजूचे अनेक समाज तिथे एकत्र येत, परस्परांत सोयरिकी होत, देवघेव होत असे. सापळे मात्र कुणाचेही नव्हते असे नाही. कुठला सापळा कुठल्या कुटुंबाने सांभाळायचा हे ठरलेले होते, आणि अंडी घालण्यासाठी वरच्या अंगाला जाणाऱ्या माशांना वाट मोकळी ठेवण्याचा दंडक होता. खालच्या अंगाच्या लोकांनी सगळे मासे अडवले तर वरच्या अंगाचे लोक उपाशी राहतील आणि दोन-चार वर्षांत खालचेही राहतील, हे नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना सांगावे लागत नसे. ऑस्ट्रेलियन सरकारने २००५ साली या सापळ्यांचा राष्ट्रीय वारसा यादीत समावेश केला.

कंद खणण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. उत्तरेकडील आर्नहेम लँडमध्ये रताळ्यासारखे लांबट रानकंद खणणाऱ्या स्त्रिया वेल वाळत आला की त्याच्या बुंध्याचा माग काढत टोकदार काठीने माती उकरतात, खालचा मांसल भाग काढून घेतात, पण वेलाला चिकटलेला वरचा तुकडा तसाच ठेवून खड्ड्यात पुन्हा माती लोटतात. पुढच्या पावसात त्याच तुकड्याला नवा कंद धरतो. मोसम संपता संपता वेलाचे वाळलेले टोक तुटून गेले की कंद कुठे आहे हे नवख्याला कळतही नाही. खणणाऱ्या बाईला मात्र ती जागा आठवत असते, कारण गेल्या वर्षी तो तुकडा तिनेच तिथे पुरलेला असतो.

याखेरीज अनेक समाजांत प्रत्येक व्यक्तीचे जन्माने किंवा कुळाने एखाद्या प्राण्याशी, वनस्पतीशी नाते जोडलेले असते. आपल्याकडच्या देवकाची आठवण व्हावी अशी ही कल्पना आहे. बऱ्याच ठिकाणी तो प्राणी त्या व्यक्तीने मारायचा वा खायचा नसतो, आणि त्याचे कुशल पाहण्याची जबाबदारीही तिच्याकडे असते. एका समाजात अशा वेगवेगळ्या नात्यांची माणसे एकत्र राहत असल्यामुळे प्रत्येक जातीच्या बाजूने बोलणारे कुणीतरी असतेच. काही जागा तर पूर्णच वर्ज्य असतात, तिथे शिकार होत नाही. आपल्याकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून अशा वर्ज्य जागांचे मोल आपल्याला परिचित आहे.

प्रश्न : आमच्या भागात दरवर्षी डोंगर पेटवतात. ‘जाळले की गवत चांगले येते’ असे जुनी माणसे सांगतात. ऑस्ट्रेलियातील आदिवासीही मुद्दाम रान जाळतात असे आपण लिहिलेत. मग वनखाते आम्हाला दोष का देते? (एक वाचक, पाटण, जि. सातारा)

उत्तर : या प्रश्नाला जरा तपशिलात जाऊन उत्तर द्यायला हवे, कारण अर्धवट माहितीवर कुणी सह्याद्रीत काडी ओढली तर त्याचा दोष या सदराकडे येईल.

उत्तर ऑस्ट्रेलियात ककाडू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात राहणारे बिनिंज आणि मुंगुय लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. पावसाळा आणि त्यानंतरची वादळे सरली की ‘येगे’ हा ऋतू येतो. हवा गार होऊ लागते, पण जमिनीत ओल असते. या सुमारास वूलीबट नावाच्या एका निलगिरीवर्गीय झाडाला फुले येतात, आणि ती फुले म्हणजे जाळायला सुरुवात करण्याची खूण. त्या दिवसांत उंच गवत नुकते वाळू लागलेले असते, रात्री दव पडते. पेटवलेली आग पायाच्या घोट्याएवढी, फार तर गुडघ्याएवढी उठते, हळूहळू सरकते आणि ओलसर ओहोळापाशी किंवा रात्रीच्या दवात आपोआप विझते. झाडांचे शेंडे शाबूत राहतात, सरपटणारे प्राणी बाजूला सरकतात, आणि जळालेल्या पट्ट्यात थोड्याच दिवसांत कोवळी हिरवळ फुटली की वॉलबी व कांगारू तिथे चरायला येतात. असे लहान लहान तुकडे एकामागून एक जाळले की सगळ्या प्रदेशात जळालेल्या, अर्धवट जळालेल्या आणि न जळालेल्या जागांची सरमिसळ तयार होते. पुढे कडक उन्हाळ्यात वीज पडून वणवा लागलाच, तर आधीच जळालेल्या पट्ट्यापाशी त्याला इंधन मिळत नाही. आपल्याकडे वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते त्यामागचा हेतूही हाच असतो. तिथे मात्र सरळ रेषेऐवजी सगळा मुलूखच अशा पट्ट्यांनी विणलेला असतो.

हे काम कुणीही, कुठेही करायचे नसते. कोणती जमीन कोणी पेटवायची याचा अधिकार कुळाकुळांत वाटलेला असतो, आणि दुसऱ्याच्या भूमीत विचारल्याशिवाय आग लावणे हा गंभीर गुन्हा मानला जातो. जाळू नये अशा जागाही ठरलेल्या असतात. ओढ्याकाठची दाट झाडी, कंदांच्या जागा आणि पवित्र स्थळे यांच्याभोवती आधी जाळून त्यांना संरक्षण दिले जाते.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील मार्टू लोकांकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथल्या स्त्रिया हिवाळ्यात काटेरी स्पिनिफेक्स गवताचे छोटे पट्टे जाळून वाळूतली घोरपडींची बिळे शोधतात. बाहेरच्या माणसाला वाटेल की ज्या भागात शिकार जास्त, तिथे घोरपडी कमी असणार. संशोधकांना मात्र उलटे दिसले. मार्टू स्त्रियांनी वर्षानुवर्षे जाळलेल्या आणि शिकार केलेल्या भागात घोरपडींची संख्या अधिक होती, कारण जळालेल्या आणि वाढलेल्या गवताच्या तुकड्यांच्या कडांना त्यांना भक्ष्य आणि आडोसा दोन्ही मिळते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जेव्हा माणसे त्या वाळवंटातून वस्त्यांकडे गेली, तेव्हा वीज पडून लागणारे वणवे अवाढव्य झाले आणि त्या कडाच नाहीशा झाल्या.

आता पाटणविषयी. आपल्याकडे डोंगर पेटतात ते बहुधा फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, म्हणजे गवत कोरडे ठाक असताना, दुपारच्या वाऱ्यात आणि चढावर. चढावर आग किती वेगाने धावते हे आपण जाणताच. तिला विझवायला दव नसते, आणि बऱ्याचदा लावणारा माणूस तिच्यासोबत थांबतही नाही. शिवाय अनेक निलगिरीवर्गीय झाडांच्या जाड सालीखाली सुप्त कळ्या असतात आणि आग लागून गेल्यावर खोडातूनच नवी पालवी फुटते. सह्याद्रीच्या निमसदाहरित जंगलातील बहुतेक झाडांकडे ही सोय नाही, आणि त्यांची रोपे तर पहिल्याच आगीत मरतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा हंगामही याच महिन्यांच्या आगेमागे असतो. पहिल्या पावसानंतर जळालेल्या डोंगरावर गवत हिरवेगार दिसते हे खरे. पण त्याच पावसात उघडी पडलेली माती ओढ्याला जाते हेही तितकेच खरे. म्हणून वनखात्याचा या बाबतीतला आग्रह मला योग्य वाटतो. जाळण्याची विद्या त्या त्या भूमीची आणि त्या त्या हवामानाची असते. ऑस्ट्रेलियातही उत्तरेची रीत दक्षिणेच्या दमट जंगलात जशीच्या तशी चालत नाही.

याच ओघात आणखी एक शंका येईल, म्हणून येथेच लिहितो. २०१९-२० च्या उन्हाळ्यात आग्नेय ऑस्ट्रेलियात भीषण वणवे लागले, त्यांत ३३ माणसे थेट मृत्युमुखी पडली आणि तीन हजारांहून अधिक घरे जळाली. त्यानंतर नेमलेल्या शाही आयोगाने २०२० च्या अहवालात आदिवासींच्या भूव्यवस्थापनाच्या ज्ञानाचा उपयोग करून घेण्याची शिफारस केली. परंपरेने जाळले असते तर ते वणवे लागलेच नसते, असे मात्र म्हणता येत नाही. दीर्घ अवर्षण आणि विक्रमी उष्णता असताना कोणतीही पद्धत अपुरी पडते, आणि यावर तिथल्या शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

प्रश्न : आमच्याकडचे कातकरी कडू करांदे खातात. तिथल्या रानकंदांत असे काही आहे का? (एक वाचक, कर्जत, जि. रायगड)

उत्तर : केवळ साम्य नव्हे, तर तोच वेल तिथे आहे. पानांच्या बगलेत बटाट्यासारखे गोळे धरणारा करांदा उत्तर ऑस्ट्रेलियातही उगवतो. तो तसाच खाल्ला तर घसा जळतो आणि पोट बिघडते, म्हणून तिथल्या स्त्रिया तो भाजून, त्याच्या बारीक चकत्या करून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात आणि कडूपणा निघून गेल्यावर खातात. सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या बिया तर याहून विषारी असतात. त्याही फोडून पाण्यात मुरवल्यावर दळून त्यांच्या भाकऱ्या भाजल्या जात आणि मोठ्या विधींच्या वेळी जमलेल्या शेकडो लोकांना त्या पुरवल्या जात. विष काढण्याची एवढी खटपट कोणी कशासाठी करील, असे वाटू शकते. पण ज्या अन्नाला दुसरे प्राणी सहसा तोंड लावत नाहीत ते भरवशाचे अन्न असते, हे त्याचे उत्तर आहे.

प्रश्न : हे लोक शेती करत होते की नव्हते? एका ठिकाणी ‘केवळ भटके शिकारी’ असे वाचले, तर दुसरीकडे ‘ते जगातील पहिले शेतकरी’ असे. (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : या प्रश्नावर ऑस्ट्रेलियात गेली काही वर्षे कडाक्याचा वाद चालू आहे, आणि दोन्ही टोकांची वाक्ये मला घाईची वाटतात. त्यापेक्षा एक ठिकाण नीट पाहू.

व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्येला बज बिम नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या लाव्हाने तयार झालेल्या खडकाळ, दलदलीच्या प्रदेशात गुंडिचमारा लोकांनी बेसाल्टचे दगड हलवून, काही ठिकाणी खडक फोडून पाण्याचे पाट, बंधारे आणि तळी केली. यांतील सर्वांत जुने बांधकाम सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचे आहे. हे सगळे वाम माशासाठी होते. तिथली आखूड पराची वाम अंडी घालण्यासाठी हजारो किलोमीटर दूर प्रवाळ समुद्राकडे जाते. तिची पारदर्शक पिल्ले प्रवाहांबरोबर परत येऊन नद्यांमधून वर चढतात आणि तळ्यांत कित्येक वर्षे वाढतात. गुंडिचमारांनी पाट काढून या पिल्लांना दलदलीत आत घेतले, पाणी साठवून त्यांना वाढू दिले, आणि शरद ऋतूत पूर्ण वाढलेल्या वामी समुद्राकडे निघाल्या की बंधाऱ्याच्या तोंडाशी गवताच्या विणलेल्या लांबट टोपल्या लावून त्या पकडल्या. टोपलीचे मागचे टोक अशा मापाने विणलेले असते की लहान वामी त्यातून निसटून जाव्यात. पकडलेल्या वामी धुरावून टिकवल्या जात. पाटांच्या आसपास दगडी भिंतींच्या घरांचे अवशेषही आहेत, म्हणजे इथली माणसे वर्षाचा बराच काळ एका जागी राहत होती.

बज बिमच्या उत्तरेस माउंट विल्यमजवळही असेच पाट होते. पोर्ट फिलिप वसाहतीत आदिवासींच्या संरक्षणासाठी नेमलेला अधिकारी जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन याने १८४१ साली ते पाहिले आणि किमान पंधरा एकरांत पसरलेल्या त्या कामाची नोंद करून ठेवली. बज बिमला २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. केवळ आदिवासी संस्कृतीच्या मूल्यासाठी या यादीत आलेले ते ऑस्ट्रेलियातील पहिले ठिकाण. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे वणवा लागला आणि उंच गवत जळून गेल्यावर आजवर न दिसलेला एक पाट उघडा पडला.

याला शेती म्हणायचे की मत्स्यपालन की शिकार? नांगर नाही, पेरणी नाही, पण पाण्याची वाट बदललेली आहे, पिल्लांची राखण आहे आणि काढणीचा हंगाम आहे. शाळेतल्या चौकटीत ते बसत नसेल तर चौकट अपुरी आहे, एवढेच म्हणता येईल. माझ्या मते ‘पहिले शेतकरी’ हा किताब देऊन त्यांचा सन्मान वाढतो असेही नाही. शेती करणारे तेवढे प्रगत आणि बाकीचे मागास, ही जुनी समजूतच त्यातून पुन्हा पक्की होते.

प्रश्न : मोठमोठे प्राणी माणूस आल्यावर नष्ट झाले असे म्हणतात. मग निसर्गाशी एकरूप झालेला समाज ही गोड कल्पनाच नव्हे काय? (एक निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : सुमारे चाळीस-पंचेचाळीस हजार वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातील अनेक महाकाय प्राणी नाहीसे झाले हे खरे आहे. गेंड्याएवढा डायप्रोटोडॉन त्यांतलाच. माणूस त्याच्या कितीतरी आधी तिथे पोचला होता. आर्नहेम लँडमधील माजेडबेबे या शैलाश्रयात सापडलेल्या पुराव्यांवरून काही संशोधक हा काळ ६५,००० वर्षांपर्यंत मागे नेतात. हे प्राणी शिकारीने गेले, हवामान बदलल्याने गेले की दोन्हींमुळे, यावर एकमत नाही. माणसाचा त्यात वाटा असणे शक्य आहे, आणि ते मान्य केल्याने पुढच्या गोष्टीचे महत्त्व कमी होत नाही. कोणताही समाज जन्मतःच निसर्गाचा जाणकार नसतो. नियम हे अनुभवातून, तोट्यातून आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून घडतात, आणि ते मोडणाऱ्याला शिक्षाही असते. ‘एकरूप’ हा शब्द मी टाळतो तो यासाठीच. त्याने विचारपूर्वक केलेल्या व्यवस्थेला उपजत स्वभावाचे रूप येते, आणि स्वभावाला हक्क लागत नाहीत, असा सोयीचा अर्थ राज्यकर्त्यांनी काढलेला आहे. ब्रिटिशांनी तो खंड कायद्याच्या दृष्टीने कुणाच्याच मालकीचा नाही असे धरून चालण्यामागे हीच दृष्टी होती.

प्रश्न : वसाहतीनंतर हे ज्ञान उरले आहे का? आज त्या लोकांना जंगलावर काही अधिकार आहेत का? (एक कार्यकर्ता, गडचिरोली)

उत्तर : आधी काय गमावले ते सांगतो. आजच्या मेलबर्नच्या आसपासच्या माळांवर मर्नाँग नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती विपुल होती. तिचे गोडसर कंद हे तिथल्या लोकांचे रोजचे अन्न होते. स्त्रिया काठीने खणत तेव्हा दाटीवाटीने वाढलेले कंद विरळ होत आणि माती भुसभुशीत राही, त्यामुळे उरलेल्यांची वाढ जोमाने होई. १८४० च्या सुमारास नजर पोचेल तिथवर पसरून हे कंद गोळा करणाऱ्या स्त्रिया पाहिल्याचे याच रॉबिन्सनने लिहून ठेवले आहे. १८३५ पासून वसाहतवाल्यांनी तिथे मेंढ्यांचे प्रचंड कळप आणले. मेंढ्या पाला तर खातच, शिवाय नाकाने माती उकरून कंद काढायलाही त्या शिकल्या, असे त्या काळातील मेंढपाळांनीच नोंदवले आहे. खुरांनी माती दगडासारखी घट्ट झाली. काही वर्षांतच त्या माळांवरून मर्नाँग दिसेनासे झाले आणि उपासमार सुरू झाली. भुकेपोटी कुणी मेंढी मारली तर बंदुका निघत. हत्याकांडे, रोगराई, मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत ठेवणे, हे सारे पुढच्या शतकभरात झाले, आणि त्यासोबत दक्षिणेतील पुष्कळ ज्ञान गेले.

उत्तरेत आणि वाळवंटात ते अधिक टिकले, कारण तिथे माणसे आपल्या भूमीपासून उशिरा दुरावली. हक्कांची लढाईही उत्तरेतच पेटली. १९६६ साली व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी मजुरांनी वेव्ह हिलच्या गुरांच्या मळ्यावरील काम सोडले आणि आपली जमीन परत मागितली. १९७५ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांनी त्या भूमीची माती लिंगियारींच्या ओंजळीत ओतली. १९७६ च्या कायद्याने नॉर्दर्न टेरिटरीत जमिनी परत मिळू लागल्या आणि आज त्या प्रदेशातील जवळजवळ निम्मी जमीन आदिवासींच्या मालकीची आहे. ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात तिथल्या उच्च न्यायालयाने, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, भूमी कुणाच्याच मालकीची नाही असे धरण्याची कल्पना फेटाळली, आणि पुढच्या वर्षी पूर्वापार हक्कांचा कायदा झाला. गुंडिचमारांचे असे हक्क २००७ साली मान्य झाले, आणि शेतीसाठी पाणी काढून कोरडे केलेले त्यांचे कोंडा सरोवर २०१० मध्ये नवा बंधारा बांधल्यावर पुन्हा भरले.

हक्क मिळाल्यावर काय होते, हे पश्चिम आर्नहेम लँडच्या पठारावर स्पष्ट दिसते. माणसे उठून गेल्यावर तिथे कडक उन्हाळ्यातले वणवे माजले होते. सायप्रसची झाडे हजारोंनी मेली होती, कारण सौम्य आग ती सोसतात, भडकलेली सोसत नाहीत. लॉफ्टी बारदायाल नाजमेरेक या ज्येष्ठ चित्रकाराने म्हातारपणी कुटुंबासह त्या पठारावर परत जाऊन वस्ती केली आणि तरुणांना पुन्हा जाळायला शिकवले. त्याच्या आणि इतर जाणत्यांच्या ज्ञानावर २००६ साली एक करार उभा राहिला. हंगामाच्या सुरुवातीला केलेल्या सौम्य आगीमुळे उशिराचे मोठे वणवे कमी होतात, त्यामुळे वातावरणात जाणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड घटते, आणि त्या घटीच्या बदल्यात डार्विन येथील नैसर्गिक वायूचा प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने आदिवासी गटांना पैसे देण्याचे कबूल केले. सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर हे काम चालते. विस्तार मोठा असल्याने आता हेलिकॉप्टरमधूनही आगी लावल्या जातात. पण पायी जाळण्यातली बारकाई हेलिकॉप्टरमध्ये येत नाही, म्हणून कुटुंबांनी मुलाबाळांसह दिवसचे दिवस चालत जाऊन जाळण्याची प्रथाही मुद्दाम जपली आहे. प्रदूषण करणाऱ्या उद्योगाच्या पैशावर हे चालावे याचे मला समाधान नाही. मात्र त्या पठारावर घरे पुन्हा उभी राहिली, शाळा आल्या आणि तरुणांना आपल्याच भूमीत पगाराचे काम मिळाले, याकडे डोळेझाक करता येत नाही.

आपल्या भागाशी याचा संबंध उघड आहे. मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबू कधी आणि किती तोडायचा याचा निर्णय ग्रामसभेने आपल्याकडे घेतला. दोन्ही देशांच्या कायद्यांनी नवा हक्क दिलेला नसून पूर्वीपासून असलेला हक्क मान्य केला आहे, ही समान बाजू आपण आपल्या बैठकांत आवर्जून सांगावी. फरक असा की तिथे राखणीचे काम करणाऱ्या आदिवासी रेंजरांना २००७ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून नियमित वेतन मिळते. आपल्याकडे ग्रामसभेच्या गस्तीला बहुतांश ठिकाणी असा आधार नाही.

समुद्राविषयीही दोन वाक्ये लिहितो. पूर्वापार हक्कांच्या कायद्याने आदिवासींना स्वतःच्या उपजीविकेसाठी कासव आणि डुगाँग (समुद्रगाय) यांची शिकार करता येते, आणि त्यावर ऑस्ट्रेलियात सतत टीका होते. ग्रेट बॅरिअर रीफच्या किनाऱ्यावर २००५ पासून तिथल्या समाजांनी सरकारशी करार करून शिकारीवर स्वतःच मर्यादा घातल्या आहेत, आणि काहींनी डुगाँगची शिकार पूर्णपणे थांबवली आहे. जाळी, बोटींचे पंखे आणि समुद्रगवताचा ऱ्हास यांमुळेही हे प्राणी मरतात, याची चर्चा मात्र तेवढ्या आवाजात होत नाही.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘या भूमीच्या मूळ राखणदारांना आम्ही वंदन करतो’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ते नेमके कसे म्हणावे, आणि त्यापलीकडे आम्ही काय करू शकतो? (एक भगिनी, मेलबर्न)

उत्तर : यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्यांचे भूमीत स्वागत करण्याचा अधिकार फक्त त्या भूमीच्या परंपरागत राखणदारांचा असतो. आपल्या कार्यक्रमाला ते हवे असेल तर त्यांच्या संस्थेला रीतसर निमंत्रण आणि मानधन द्यावे. आपण सुरुवातीला म्हणता ते केवळ आदराचे उच्चारण आहे आणि ते कुणीही करू शकते. मात्र नाव बरोबर घ्यावे. मेलबर्न महानगरात वुरुंजेरी वोइ-वुरुंग आणि बुनुराँग या दोन समाजांची भूमी आहे, आणि त्यांच्यामधली अधिकृत हद्द १ जुलै २०२१ पासून बदललेली आहे. त्यामुळे आपले सभागृह कुणाच्या हद्दीत येते हे आधी पाहून घ्यावे, आणि ते वाक्य मराठीतही म्हणावे, म्हणजे सभागृहातील आजी-आजोबांनाही त्याचा अर्थ कळेल.

त्यापलीकडचे म्हणाल, तर नदीकाठी किंवा राखीव रानात फिरताना ओळखीची पालेभाजी दिसली म्हणून खुडू नये. तिथल्या नियमांनी तशी मनाई असते आणि ती वनस्पती दुसऱ्या कुणाच्या तरी देखरेखीखालीही असू शकते. मर्नाँगची रोपे आता स्थानिक वनस्पतींच्या काही रोपवाटिकांत विकत मिळतात. मंडळाची परसबाग असेल तर तिथे ती लावता येईल. माती भुसभुशीत ठेवा, पाणी साचू देऊ नका, आणि पुरेशी वाढ झाल्यावर कंद काढताना काही जागच्या जागी राहू द्या.